इंग्रजीतलं हमीपत्र

ते हमीपत्र मीच लिहिलं होतं. एका पानाचं, इंग्रजीत. इंटर्नशिपसाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला तिकडे काही झालं तर कॉलेज जबाबदार राहणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. खाली दोन सह्या, एक विद्यार्थ्याची आणि एक पालकाची. मसुदा इतका चोख होता की वकिलांनी त्यात फक्त एक स्वल्पविराम बदलला. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो.

आणि हेही सांगतो, की मी मूळचा निपाणीचा, बेळगावात स्थायिक झालेला. एक नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात गेल्याचा निषेध म्हणून, दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीत जाणारा. जिथे मराठी माणसं पंधरा टक्क्यांहून जास्त आहेत तिथे सरकारी कागद मराठीतही मिळाले पाहिजेत, या मागणीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयासमोर मी उन्हात उभा राहिलो आहे. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये हातात पडल्यावर म्हाताऱ्या शेतकऱ्याचा चेहरा कसा होतो यावर मी तावातावाने बोललो आहे. दोन्ही कामं मी एकाच आठवड्यात करत होतो आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे असं मला कधी वाटलं नाही.

आमचं कॉलेज बेळगावातलं. नाव सांगत नाही, चूक माझी होती. मी मेकॅनिकलला शिकवायचो आणि जोडीला प्लेसमेंटचं काम पाहायचो. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ साली आमच्या बेळगावातच स्थापन झालं. पुढे त्याच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला गुण आले आणि मुलं उद्यमबागेतले कारखाने धुंडाळू लागली. त्यातली एखाद-दोन हुशार मुलं जर्मनी, तैवान, अमेरिका असं बोलू लागली. मला ते फार आवडायचं. याच गावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं आणि त्यांचा मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून १९२६ साली पदवी घेऊन आला, ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगायचो. आमच्या मुलांनी जावं, बघावं, परत यावं. बाकी तपशिलात मला रस नव्हता.

तयारी म्हणजे माझ्या लेखी काय, तर बायोडेटा, मुलाखतीचा सराव आणि पासपोर्ट. तेव्हा त्यासाठी हुबळी गाठावी लागायची. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात येतं आणि आमच्या मुलांच्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, गुणपत्रिकेत कधी ते आधी, कधी शेवटी, कधी नुसतं आद्याक्षर. त्या भानगडीत दोन महिने जायचे. मग बॅग. भडंग घ्या, मेतकूट घ्या, तिकडच्या साहेबाला द्यायला कुंदा घ्या. शेवटी विमा. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, म्हणून एजंटाकडून जी सगळ्यांत स्वस्त पॉलिसी मिळेल ती काढायची. व्हिसाच्या फायलीत लावायचा तो एक कागद. मी स्वतः एकही पॉलिसी शेवटपर्यंत वाचली नव्हती. विमा म्हणजे घाबरटांचं काम, असंही मी मुलांसमोर हसत हसत म्हटल्याचं आठवतं.

२०१६च्या उन्हाळ्यात निपाणीचा एक मुलगा जर्मनीला निघाला. दहा आठवडे, एका लहान गावातल्या यंत्रकारखान्यात. सहीसाठी त्याची आई आली. ती विड्या वळायची. तिची आई तंबाखूच्या वखारीत होती. ज्यांना निपाणी फक्त १९८१च्या तंबाखू आंदोलनामुळे ठाऊक आहे, शेतकरी नेते शरद जोशींमुळे आणि महामार्गावर झालेल्या गोळीबारामुळे, त्यांना वखारीतल्या बायकांची गोष्ट सहसा ठाऊक नसते. त्याच काळात प्रा. सुभाष जोशींच्या पुढाकाराने त्या बायकांची संघटना उभी राहिली होती. त्या घरातली ही बाई. ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंड, लॉगबुक हे शब्द तिला मला होते त्यापेक्षा जास्त ठाऊक.

मी हमीपत्र पुढे केलं आणि बोटाने जागा दाखवली. तिने कागद उचलला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली, परत ठेवला.

"सर, यात काय लिवलंय?"

"नेहमीचंच हो मावशी. सगळेच सही करतात."

"आणि ते विम्याचं? तिकडं काम करताना हात मशीनीत गावला तर पैसं मिळत्यात?"

मी हसलो. जर्मनीत मशिनीत हात जात नाहीत, असं काहीतरी बोललो. मुलगाही लाजून हसला. तिने मराठीत, सुवाच्य अक्षरात सही केली.

निघायच्या आदल्या दिवशी मी सगळ्या मुलांना बसवून जे सांगितलं ते शब्दशः आठवतं. तिकडे कोणाला त्रास देऊ नका. कॉलेजचं नाव राखा. तुमच्यानंतर आणखी मुलं तिथे जायची आहेत.

तिसऱ्या आठवड्यात रात्री दीडला फोन वाजला. तिकडे दहा वाजलेले. डाव्या हाताची दोन बोटं कापली आहेत, रक्त थांबलंय पण बोट वळत नाहीये, काय करू? मी विचारलं, कशाने कापली? "स्वयंपाक करताना, सुरीने." मी म्हटलं, दवाखान्यात जा. तो म्हणाला, पैसे लागतील. मी म्हटलं, विमा आहे की. तो म्हणाला, पॉलिसी कुठे आहे माहीत नाही, व्हिसाच्या फायलीत लावली होती.

माझ्याकडे झेरॉक्स होती. त्या रात्री दोन ते चार मी आयुष्यात पहिल्यांदा एक प्रवास विमा पॉलिसी पूर्ण वाचली. उपचारांआधी मदत केंद्राला कळवायचं. सुरुवातीचे शंभर डॉलर स्वतः भरायचे. मूळ बिलं जपून ठेवायची. आणि अकराव्या पानावर, बारीक टायपात, जे मिळणार नाही त्याच्या यादीत: अंगमेहनतीचं काम करताना झालेली इजा. मी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. मावशीने विचारलेला प्रश्न अक्षरशः तिथे छापलेला होता, उत्तरासकट.

माझा पहिला विचार काय होता ते लिहितो, कारण मनोगत लिहायचं तर ते लपवून चालणार नाही. मला हायसं वाटलं. बरं झालं सुरीने कापलं, असं मनात आलं.

सुरीने कापलं नव्हतं. यंत्रावरून कापून आलेल्या पट्टीची धारदार कड घासताना, हातमोजा न घालता, कारखान्यातच कापलं होतं. त्याने रुमाल गुंडाळला, हात खिशात घातला आणि पाळी संपेपर्यंत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तिथल्या मुकादमाच्या, ज्याला ते माइस्टर म्हणतात त्याच्या, लक्षात आलं. तो मुलावर ओरडला, म्हणे इतका ओरडला की सगळी मशिनं थांबली. पण ओरडला ते कापून घेतलं म्हणून नाही, सांगितलं नाही म्हणून.

तिथली व्यवस्था मला नंतर समजली. जर्मनीत कामावरच्या अपघातांसाठी वेगळा सक्तीचा विमा असतो. त्याची वर्गणी मालक भरतो आणि कारखान्यात काम शिकायला आलेल्या मुलालाही त्याचं संरक्षण मिळतं. अशा अपघातांसाठी ठरवून दिलेले डॉक्टर असतात. तीन दिवसांहून जास्त काम बंद राहणार असेल तर मालकाला तीन दिवसांत विमासंस्थेला कळवावंच लागतं. म्हणजे आमच्या स्वस्त पॉलिसीतून वगळलेली गोष्ट तिथे आधीच झाकलेली होती. अट एकच: खरं सांगायचं. आणि खरं सांगू नकोस, हे मी त्याला शिकवून पाठवलं होतं. 'त्रास देऊ नका' या माझ्या तीन शब्दांचा त्याने लावलेला अर्थ तोच होता, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही तोच लावला असता. वर हमीपत्रावर त्याची सही होती की कॉलेज जबाबदार नाही. त्या बिचाऱ्याने ते नीट वाचलं होतं. वाचणारा तो एकटाच निघाला.

एका बोटाचा स्नायुबंध तुटला होता. एका दिवसाच्या उशिराने का होईना, शस्त्रक्रिया झाली, पैसा एकही लागला नाही. बोट आज पूर्ण मिटत नाही. आदल्याच रात्री गेला असता तर मिटलं असतं का, हे मी त्या डॉक्टरांना विचारायला कधी धजलो नाही.

तो परत आल्यावर मी निपाणीला गेलो. मावशी रागावली असती तर सोपं झालं असतं. तिने चहा केला आणि सुपात पानं घेऊन विड्या वळत बोलत बसली. तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "मी इच्यारलं हुतं बघा."

त्यानंतर मी या विषयाचं वाचायला लागलो, उशिरा अक्कल आलेल्या माणसासारखं, अधाशीपणाने. आणि लाजिरवाण्या गोष्टी सापडत गेल्या. दहावी न झालेला आपला मजूर आखातात निघाला तर त्याला प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी घेणं सक्तीचं असतं. अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वाला १० लाख रुपये, दोन वर्षांचा हप्ता करांव्यतिरिक्त २७५ रुपये. आमच्या इंजिनिअर होऊ घातलेल्या मुलामागे अशी कुठली सक्ती नाही. तो शिकलेला आहे, त्याचं तो बघेल, असं धरलेलं. अमेरिका जे-१ व्हिसावर इंटर्न घेते तेव्हा आकडे नियमातच लिहिते: दर आजाराला किंवा अपघाताला किमान एक लाख डॉलर, आजारी माणसाला मायदेशी हलवायला पन्नास हजार, आणि मृतदेह पाठवायला पंचवीस हजार. शेवटचा आकडा मी पूर्वी पालकांसमोर वाचूच शकलो नसतो. अभद्र बोलू नये, ही आपली रीत.

मग २०२२ आलं. १ मार्चला युक्रेनमधल्या खार्किवमध्ये आपल्या हावेरी जिल्ह्यातला एक वैद्यकीय विद्यार्थी मारला गेला. त्याचा देह बेंगळुरूला पोहोचायला २१ मार्च उजाडला. त्या आठवड्यात मी आमच्याकडच्या साऱ्या पॉलिस्या काढून पाहिल्या. युद्ध सगळ्यांतच वगळलेलं. अशा वेळी उरतो तो दूतावास आणि तिथला भारतीय समुदाय कल्याण निधी. त्यासाठी मूल कुठे राहतं हे दूतावासाला ठाऊक असावं लागतं. आमच्या एकाही मुलाने तोवर दूतावासात नाव नोंदवलेलं नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

आता मी निवृत्त झालो आहे, पण हे एक काम सोडलेलं नाही. हमीपत्र रद्द करणं माझ्या हातात नव्हतं. त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मात्र आता मराठी आणि कन्नड मजकूर असतो. पालकांना बेळगावला बोलवत नाही, आम्ही जातो: निपाणी, चिकोडी, खानापूर, कुठल्यातरी शाळेच्या वर्गात, रविवारी. पॉलिसी मोठ्याने वाचतो. काय मिळतं ते पाच मिनिटांत संपतं. काय मिळत नाही त्याला दीड तास लागतो. आधीपासूनचा दमा. दात. दारू पिऊन पडलात तर. परवाना नसताना स्कूटर चालवलीत तर. बऱ्याच पॉलिस्यांत मनाचे आजार नाहीत. हे वाचताना मुलं खाली बघतात आणि मी तिथे जरा जास्त थांबतो. कंपनीला पत्र लिहून विचारतो, कामावर अपघात झाला तर तुमचा विमा आमच्या मुलाला लागू आहे का, लेखी कळवा. काही कंपन्या उत्तरच देत नाहीत, तिथे आम्ही मूल पाठवत नाही. आणि मुलांना सांगतो, त्रास द्या. भरपूर त्रास द्या. कॉलेजचं नाव कॉलेज बघून घेईल.

याने सगळं बरं झालं असं नाही. दोन वर्षांपूर्वी खानापूरच्या एका मुलीला तैवानची फार चांगली संधी आली होती. तिच्या वडिलांनी आमचा मराठी कागद घरी नेला, दोन दिवस वाचला आणि तिला पाठवायचं नाही असं ठरवलं. कागद इंग्रजीत असता तर त्यांनी सही केली असती आणि ती गेली असती. ती मला टिळकवाडीत भेटली तेव्हा म्हणाली, "सर, तुम्ही इतकं खरं कशाला लिहिलं?" मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. तिच्या भावाला त्याच वडिलांनी, तोच कागद वाचून, पाठवलं असतं याची मला जवळजवळ खात्री आहे.

निपाणीच्या वर्गाला मावशी दरवर्षी येते. तिचा मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे, तिला यायचं काही कारण नाही. मागच्या बाकावर बसते. पहिल्या वर्षी मी कागदावर आणि फळ्यावरही मोठ्या अक्षरात मथळा घातला होता, 'अपवर्जने'. शब्दकोश उघडून काढलेला शब्द. वाचून झाल्यावर कोणीच काही विचारेना. मग मागून तिचा आवाज आला.

"सर, हे वरचं काय वो?"

मी समजावलं. कंपनीने कबूल केलेलं एवढं, आणि मोजताना त्यातून बाजूला काढलेलं एवढं. याचे पैसे देत नाहीत.

"मग छाट म्हणा की," ती म्हणाली. "आमी हजार विड्या देतो, कारखानदार त्यातल्या काडून टाकतो आणि पैसं देत न्हाई. छाट."

वर्गातल्या पंधरा-वीस बायका एकदम बोलू लागल्या. मी खडू घेतला, फळ्यावरचा 'अपवर्जने' पुसला.