मासा तापीचा की बर्फाचा?

हृदयाच्या रुग्णाला ‘आठवड्यातून दोनदा मासे खा’ असा सल्ला आम्ही डॉक्टर सर्रास देतो. जळगावात तो दिला की लगेच उलट प्रश्न येतो, “कोणता, डॉक्टरसाहेब? तापीचा की बर्फाचा?” प्रश्न रास्त आहे. इथून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर, सुरत ३०० च्या आसपास. समुद्राचा मासा आपल्यापर्यंत येतो तो बर्फातूनच.

माझं बालपण धुळ्यातलं. तेव्हा ओला मासा म्हणजे नदीचा किंवा धरणाचा. समुद्र आम्हाला माहीत होता तो आठवडे बाजारातल्या सुक्या बोंबलांमुळे आणि सुकटीमुळे. आता एकाच गाळ्यावर रोहू आणि बांगडा शेजारी-शेजारी दिसतात. एकदा काळ्या मसाल्याच्या रश्शात पडले की सगळे तुकडे सारखेच. म्हणून मासा ओळखायचा तो कापण्याआधी.

नदीचा कोणता आणि समुद्राचा कोणता, हे सांगणारी एकच खूण नाही. एकेक मासा वेगळा ओळखावा लागतो. मोठं डोकं आणि वर वळलेला खालचा जबडा दिसला की तो कटला. रोहूचं डोकं त्या मानाने लहान, तोंड खालच्या बाजूला, परांवर लालसर झाक. मृगळ सडपातळ आणि चंदेरी. या तिघांच्या मांसात दुफाटी बारीक काटे असतात. लहान मुलांना आणि कवळी लावणाऱ्या आजीला मरळ बरा. सापासारखं डोकं असलेला हा मासा हवेतूनही श्वास घेतो, म्हणून टबात जिवंत विकायला असतो. शिंगाळ्याला खवले नसतात, लांब मिशा असतात. त्याच्या पराचा काटा हातात घुसला तर हात सुजतो, तेव्हा तो साफ करायचं काम विकणाऱ्यावरच सोडा. वामचा घोटाळा वेगळाच आहे. मुंबईकराची वाम समुद्रातली, आपली वाम नदीतली आणि पाठीवर काट्यांची ओळ असलेली. नाव एक, मासे दोन.

आता बांगडा आणि सुरमई. यांच्या पाठीवरच्या आणि पोटाखालच्या परांमागे, शेपटीपर्यंत, छोट्या-छोट्या सुट्या परांची रांग असते. बांगड्याच्या पाठीवर लांबीच्या दिशेने जाणाऱ्या गडद रेघाही असतात. ही रांग नीट पाहून ठेवा. हृदयासाठी चांगलं म्हणतात ते ओमेगा-३ बांगड्यात आणि तारलीत रोहू-कटल्यापेक्षा बरंच जास्त असतं. आणि बर्फ तुटला तर सगळ्यात लवकर घात करणारे मासेही हेच. त्यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा गरम राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामीन बनवतात. एकदा तयार झालेलं हिस्टामीन ना उकळून जातं, ना तळून. वासही दर वेळी येत नाही, आणि आला तरी आपला मसाला तो झाकून टाकतो.

मे महिन्यातल्या एका दुपारी एकाच घरातले तिघे माझ्याकडे आले. बांगडा खाऊन अर्धा तास झाला होता. चेहरे लालबुंद, डोकं ठणकत होतं, छातीत धडधड. घरातल्या वहिनींनी मासा खाल्ला नव्हता, त्या ठणठणीत. त्यांना वाटलं ऊन लागलं, शेजारी म्हणाले अ‍ॅलर्जी. पण तिघांना एकाच वेळी अ‍ॅलर्जी होत नसते. हिस्टामीनविरोधी औषध दिलं, संध्याकाळी तिघे घरी गेले. त्यातल्या काकांना बायपास झालेली होती. “आता मासा बंदच ना?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “काका, मासा नाही, बिनबर्फाचा मासा बंद.” अ‍ॅलर्जीचा शिक्का बसला असता तर त्यांनी उपयोगाचा मासा कायमचा सोडला असता. मात्र श्वास घ्यायला त्रास झाला किंवा चक्कर आली, तर निदानाच्या चर्चेत न पडता सरळ दवाखाना गाठा.

म्हणून बांगडा घेताना नुसतं “ताजा शे, दादा” यावर जाऊ नका. तो बर्फावर ठेवलाय की बर्फाच्या पाण्यात तरंगतोय ते बघा. डोळे फुगीर, कल्ले लाल, बोट दाबलं तर मांस लगेच वर यायला हवं. घरी आणल्यावर ओट्यावर ठेवू नका. बर्फाची खात्री नसेल त्या दिवशी टबातला जिवंत मरळ घ्या. ओमेगा-३ कमी मिळेल, प्रथिनं तेवढीच मिळतील. रक्तदाब असलेल्यांनी मिठात मुरवलेला खारा बांगडा टाळावा.

नदीच्या माशाचाही एक धोका आहे, तो पित्ताचा. रोहूचं हिरवं पित्त कच्चं गिळलं की मधुमेह, सांधेदुखी जाते असा समज काही ठिकाणी आहे. त्यात सायप्रिनॉल नावाचं विष असतं, शिजवूनही ते जात नाही. आधी उलट्या-जुलाब होतात, माणूस सावरल्यासारखा वाटतो, आणि दोन-तीन दिवसांत लघवी कमी होते. मूत्रपिंडं बंद पडून डायलिसिसची वेळ आल्याच्या नोंदी भारतात आणि बांगलादेशात आहेत. मासा साफ करताना ही पिशवी अख्खी काढून टाकायला सांगा. आणि कुणी पित्त गिळलंच, तर उलट्या थांबल्या तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्या, रक्तातलं क्रिएटिनिन पुढचे काही दिवस तपासत राहावं लागतं.