मुष्टिफंड आणि मार्च महिना

मार्च जवळ आला की आमच्या संस्थेत देणगीदारांची यादी निघते. करसवलतीच्या निमित्ताने लोक याच महिन्यात देतात, म्हणून सगळा जोर इथेच. मला मात्र हल्ली कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड फार आठवतो. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली; वसतिगृहातल्या मुलांसाठी घराघरांतून मूठभर धान्य बाजूला काढलं जाई. केवढी पक्की योजना! मागणं गरिबाच्याही ऐपतीतलं, आणि आपलं धान्य कुणाच्या ताटात पडतं ते त्याला ठाऊक.

आज यादी करताना मी मोठी नावं खाली ठेवली. वर घेतल्या दरवर्षी पाचशे रुपये पाठवणाऱ्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या पाकिटात नेहमी एक चिठ्ठी असते: ‘मुलींच्या वह्यांसाठी.’ त्यांना नुसती पावती पाठवून कसं चालेल? वह्या कुणाला मिळाल्या, तेही कळवायला हवं.

आणि करसवलतीसाठी देणाऱ्यांना, दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, हे आधीच सांगावं.

तुम्हीही एखाद्या संस्थेला देत असाल, तर मार्चची वाट पाहू नका. थोडंच द्या, पण दरमहा द्या. वसतिगृहाची चूल रोज पेटते.