शाळा उघडण्याची सभा

वादळामुळे शाळा बंद पडणे ही मॉरिशसमध्ये कोणास नवलाची गोष्ट वाटत नाही. १९६० सालच्या फेब्रुवारीत ‘कॅरोल’ वादळाने बेटाची जी दैना केली, तिच्या हकीकती वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकतच पुढच्या पिढ्या वाढल्या. वादळात शाळा मुलांना बंद होते, परंतु गावाला उघडी होते. ज्यांच्या घरांवरचे पत्रे उडाले, ती कुटुंबे वर्गातच अंथरुणे पसरून रात्र काढतात. शिवाय वादळास अंत असतो आणि तो रेडिओवरून सर्वांस एकाच वेळी कळतो. इशारा मागे घेतला गेला की बाप छपरावर चढतो, आई ओले कपडे उन्हात घालते आणि पोर दप्तर घेऊन शाळेची वाट धरते. त्यासाठी कोणी सभा भरवीत नाही.

२०२० साली जे संकट आले, त्यास असा अंत नव्हता. १८ मार्चच्या सायंकाळी बेटावर कोरोनाचे पहिले तीन रुग्ण सापडल्याचे जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून शाळांना कुलपे लागली. मग संचारबंदी आली. वाणसामानाची मोठी दुकानेदेखील काही दिवस बंद राहिली. २ एप्रिलपासून ती उघडली, ती आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे वार वाटून. गिरमिटाच्या काळी आजाचे किंवा पणज्याचे नाव हेच पुष्कळ घरांत पुढे आडनाव होऊन बसले. त्यामुळे एकाच अंगणात राहणाऱ्या चुलतभावांचे बाजाराचे वार निराळे झाले, आणि तांदूळ कोणी आणावयाचे व तेल कोणी, याची वाटणी पणज्याच्या काळच्या एखाद्या कारकुनाने करून ठेवल्याप्रमाणे झाली! तेवढीच काय ती त्या दिवसांतील करमणूक.

एप्रिलअखेर बेटावरील संसर्ग थांबला. तोवर दहा माणसे दगावली होती. मे महिना संपता संपता संचारबंदी उठली. शाळा प्रथम १ ऑगस्टला उघडावयाच्या होत्या. पुढे तो दिवस अलीकडे ओढून १ जुलै ठरविण्यात आला. आणि मग ज्या प्रश्नाकडे तीन महिने कोणास पाहावे लागले नव्हते, तो घरोघरी उभा राहिला. मूल पाठवावयाचे का?

जूनच्या अखेरीस ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातील, उसाच्या शेतांना लागून असलेल्या एका गावच्या प्राथमिक शाळेत पालक व शिक्षक यांची बैठक भरली. त्या गावात मराठी घरांची वस्ती जुनी. खुर्च्या पटांगणात, बदामाच्या झाडाखाली, दूर दूर मांडल्या होत्या. सभा अर्थातच क्रिओलीत चालली; त्या बोलण्याचा मराठी आशयच काय तो येथे दिला आहे. वास्तविक निर्णय सरकारने आधीच घेतलेला होता आणि तो फिरविण्याचा अधिकार या मंडळीस नव्हता. तरीही ती दोन तास वाद घालीत बसली, आणि ते योग्यच झाले.

पहिल्याने बोलल्या त्या सत्तरी ओलांडलेल्या एक आजी. सून कामावर जाते म्हणून नातवाला शाळेत पोचविणे, आणणे, खाऊ घालणे सारे त्यांच्याकडे. त्यांना मधुमेह. या देशात प्रौढांपैकी सुमारे पाचव्या हिश्शाला तो आहे, तेव्हा त्या सभेतील पुष्कळांच्या घरी असा एक जीव होता. आजी म्हणाल्या, “माझा नातू माझ्याच कुशीत झोपतो. शाळेतून तो जे घेऊन येईल, ते त्याला भोवणार नाही, मला भोवेल. माझ्या जिवाचे मी सांगत नाही. माझे पुष्कळ झाले. पण मग त्या पोराला जन्मभर वाटत राहील, की आजीला मी मारले.”

यावर काही क्षण कोणी बोलले नाही. मग मागच्या खुर्च्यांवरून कोणीसे पुटपुटले, की म्हाताऱ्या माणसांना टीव्हीने भिववून सोडले आहे. हे बोलणे बरे नव्हते. गिरमिटांच्या वंशजांस रोगाची भीती टीव्हीने शिकविलेली नाही. १८५६ साली कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांतील माणसांस पटकीच्या भयाने गाब्रिएल बेटावर उतरविण्यात आले. निवारा नाही, पुरेसे पाणी नाही, अशा स्थितीत त्यांतील शेकडो तेथेच मेली. पुढे १८६७च्या हिवतापाने पोर्ट लुईस इतके ओस पडले, की ऐपतदार लोक क्युरपिपच्या उंच थंड पठारावर राहावयास निघून गेले. ज्यांना निघून जाणे परवडण्यासारखे नव्हते, ते मागे राहिले. अशा मागे राहिलेल्या माणसांच्या घरात वाढलेल्या बाईने सावध असावे, यात अज्ञान कोठले?

आजींना उत्तर दिले ते फ्लिक-आँ-फ्लाकच्या एका हॉटेलात खोल्या आवरण्याचे काम करणाऱ्या तरुण आईने. हॉटेल तेव्हा बंदच होते आणि घर सरकारी मदतीवर चालले होते. ती म्हणाली, “मावशी, तुमचे खोटे नाही. पण माझा मुलगा तिसरीत आहे, आणि मार्चमध्ये जे वाचीत होता, ते आता त्याला वाचता येत नाही. घरात फोन एक आणि मुले तीन. टीव्हीवर धडे लागतात, ते मी बसवून दाखविते. पण टीव्हीतली मिस त्याला काही विचारीत नाही, आणि त्याला तिला काही विचारता येत नाही. मी काय शिकवू? मी स्वतः सी.पी.ई. नापास.”

शेवटचे वाक्य तिने मान वर करून, ठणठणीत आवाजात म्हटले. चारचौघांत असे सांगावयास किती बळ लागते, हे ज्यांनी ती परीक्षा पाहिली आहे त्यांस सांगावयास नको. अकराव्या-बाराव्या वर्षी मुलाच्या कपाळी जे लागे, ते पुढे सहसा पुसले जात नसे. २०१७पासून ती परीक्षा गेली, पण तिच्यात नापास झालेली मुले आता आईबाप झाली आहेत. अशा घरात शाळेवाचून गेलेले तीन महिने आणि शिकलेल्या घरात शाळेवाचून गेलेले तीन महिने ही सारखी नव्हत. येथील खासगी शिकवणीचे वेड सर्वांच्या परिचयाचे आहे. ज्यांच्याजवळ तिचे पैसे होते, त्यांच्या मुलांची शिकवणी फोनवरून अखंड चालू राहिली. “आणखी महिनाभर थांबावे, घाई काय?” असे त्या सभेत जे म्हणत होते, त्यांतील बहुतेकांचे महिनाभराने काही बुडणार नव्हते. ते दुष्ट नव्हते. शेजारच्या घरात काय बुडते आहे, ते त्यांना दिसत नव्हते इतकेच. रुग्णांचा आकडा रोज संध्याकाळी जाहीर होई. वाचावयास विसरलेल्या मुलांचा आकडा कोण जाहीर करणार?

मध्येच एका पालकाने शिक्षकांस टोमणा मारला, की पगार घरबसल्या मिळाल्यावर शाळा कोणाला हवी? तेव्हा दम्याचा विकार असलेल्या एक शिक्षिका उठल्या. त्यांनी फार शांतपणे विचारले, की माझ्या वर्गात तीस मुले बसतात, त्यांच्यात अंतर ठेवावयाचे ते कोणत्या दोन बाकांत, हे मला आपण येऊन दाखवावे. टोमणा मारणारे गृहस्थ खाली पाहू लागले. मुख्याध्यापिकांनी खिडक्या, पाण्याचे नळ, साबण, मधल्या सुटीच्या निरनिराळ्या वेळा इत्यादींची यादी वाचून दाखविली. ती यादी चांगली होती, परंतु तीस मुलांच्या प्रश्नाचे उत्तर तीत नव्हते.

यानंतर जो विषय निघाला, तो मराठी मंडळींच्या वर्मी लागणारा होता. कचेरीत नोकरी करणाऱ्या एका विचारी पालकाने सुचविले, की शाळा उघडावी, परंतु एका वर्गाची मुले दुसऱ्या वर्गात मिसळू देऊ नयेत. म्हणजे रोग आलाच तर एका खोलीतच थांबेल. आणि यासाठी पौर्वात्य भाषांचे तास एक सत्रभर बंद ठेवावेत.

सूचना बिनबुडाची नव्हती. भाषेच्या तासाला वर्ग फुटतो. हिंदीची मुले एकीकडे, उर्दूची दुसरीकडे, तामिळची तिसरीकडे. मराठीची मुले थोडी, म्हणून एका इयत्तेच्या निरनिराळ्या तुकड्यांतून दोन-दोन, तीन-तीन वेचून त्यांचा एक वर्ग करावा लागतो. जो विषय थोड्यांचा, तोच सर्वांत अधिक मिसळ करणारा ठरला! मराठीचे गुरुजी सभेत होते. ते दोन शाळांत शिकवीत, तेव्हा रोग एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्यास सर्वांत सोयीचे वाहन तेच होते, आणि हे त्यांनी स्वतःच सांगून टाकले. मग म्हणाले, “हिशेब आपला बरोबर आहे. परंतु एक सत्र थांबविलेला विषय पुढच्या सत्रात आपोआप सुरू झाला, असे मी अजून पाहिलेले नाही.”

या बोलण्यातील भय इतरांस कळावयास थोडा वेळ लागला. मराठी पालकांस ते तत्काळ कळले. या मुलांच्या घरी क्रिओली बोलली जाते. आजी देवापुढे आरती मराठीत म्हणते, पण नातवाला हाक क्रिओलीत मारते. गणित बुडाले तर ते भरून काढावयास शिकवण्या आहेत. फ्रेंच तर रस्त्यावरच ऐकू येते. मराठी मात्र शाळेतील तासात आणि संध्याकाळच्या बैठकेत, आणि बैठकाही मार्चपासून बंदच होती. तेथून निसटलेली भाषा मूल पुन्हा कोठून उचलणार? एका बापाने तर बोलून दाखविले, की मराठीऐवजी मुलगा तेवढा वेळ गणित करील तर बरेच. असा विचार करणारे घर ते एकटेच नव्हते. तास एकदा थांबला असता, तर अशा घरांस तो पुन्हा आठवला नसता.

वाद थोडा तापला. मग गुरुजींनीच तोड काढली. मराठीचा तास उघड्या व्हरांड्यात घ्यावयाचा. प्रत्येक तुकडीची मुले आपली आपली रांग धरून, मधे अंतर सोडून बसतील. पुस्तकांची अदलाबदल नाही. पश्चिम किनाऱ्यावर त्या दिवसांत पाऊस बेताचाच असतो, आणि आलाच तर तो तास बुडेल. विचारी पालकाने दोन-तीन शंका विचारून होकार दिला. असा माणूस विरोधात असणे ही सभेची भाग्याची गोष्ट म्हटली पाहिजे. कारण त्याने हट्ट धरला नाही आणि गुरुजींनीही त्यास मातृभाषेचा वैरी ठरविले नाही. अशा प्रसंगी समाजाच्या नावाने आरडाओरड करणारे पुष्कळ निघतात, व्हरांडा मोजणारे थोडे.

१ जुलैला शाळा भरली. आजींचा नातू पहिला आठवडा आला नाही. दुसऱ्या आठवड्यात आला. घरात त्याच्यासाठी निराळी खाट मांडली होती. पुढे कित्येक महिने बेटावर रोग पसरला नाही आणि भ्यालेली माणसे उगीच भ्याली असे लोक म्हणू लागले. १० मार्च २०२१ रोजी पुन्हा टाळेबंदी आली, तेव्हा तसे म्हणणारे गप्प झाले. ऑक्टोबरात परदेशी प्रवाशांस बेट पूर्ण मोकळे झाले, हॉटेले भरू लागली, आणि नोव्हेंबरात रोगाने पूर्वी कधी घेतले नव्हते इतके बळी घेतले. शाळा तिसऱ्यांदा बंद झाल्या. त्या वेळी गावात कोणाची सभा भरली नाही. मौती फार झाल्या होत्या. हॉटेलातील त्या आईने तर सरकारी हुकुमाच्या आधीच मुलाला घरी ठेवले होते, कारण तिची सासू अंथरुणाला खिळली होती. आजींनी मात्र दोन्ही लसी टोचून घेतल्या होत्या आणि नातवाचे वाचन मागे पडते म्हणून त्या रस्त्यात भेटेल त्या शिक्षकास थांबवून तक्रार करीत.

गुरुजींचा तास या खेपेस फोनवर होऊ लागला. पैसे वाचावेत म्हणून मुले चित्र बंद ठेवीत, तेव्हा कोण हजर आहे ते आवाजावरूनच ओळखावे लागे. व्हरांड्यात अकरा मुले बसत. फोनवर कधी सहा, कधी सात येत. उरलेल्यांच्या घरी ते रविवारी हस्तलिखित धडे पोचवू लागले, फाटकाच्या गजांतून, आत न जाता.