लोणंदचा माळ आणि लिहिणारी माणसं

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की जेजुरी मागं पडते. मग नीरा स्टेशन येतं. नदी ओलांडली की सातारा जिल्हा सुरू, आणि पुढचं स्टेशन लोणंद! कांद्याच्या बाजारासाठी हे गाव प्रसिद्ध. आषाढी वारीत माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घालतात आणि पालखी लोणंदला मुक्कामाला येते. पाऊस बेताचा, माळ मोठा; म्हणून या भागात मेंढरांचे कळप आणि धनगरांचे वाडे दिसतात.

मुलांनो, या माणसांच्या चालीरीती पुस्तकात कुणी उतरवल्या, ठाऊक आहे? १८८५ साली इंग्रज सरकारनं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. संपादक होते जेम्स कॅम्पबेल. कोणती जात काय खाते, लग्न कसं लावते, कोणता देव पूजते, सगळं त्यात आहे. हेतू काय? कारभार सोपा व्हावा! पण सरकारी माणसाला मेंढपाळ मनातलं किती सांगणार?

दूर फिलिपाईन्समध्येही असंच घडलं होतं. १५८९ साली हुआन दे प्लासेन्सिया या स्पॅनिश पाद्र्यानं तगालोग लोकांच्या रूढी लिहून काढल्या. त्याला तर त्यांचा धर्मच बदलायचा होता. तरी आज पूर्वजांची माहिती शोधताना तेच लिखाण उघडावं लागतं.

आपल्या कोकणात हे काम गावोगावच्या शाळामास्तरांनी केलं. १९१५ साली पुस्तक निघालं ते एन्थोवेनसाहेबांच्या नावावर. तळटिपांत नुसतं ‘शाळामास्तर, अमुक गाव’. बिचाऱ्यांचं नावही नाही!

पुढं एक निराळा पाहुणा आला. गुंथर सोन्थायमर, जर्मनीचे. ते मराठी शिकले, धनगरांबरोबर हिंडले, त्यांच्या ओव्या त्यांच्याच तोंडून ऐकून ध्वनिमुद्रित केल्या. नीरेपलीकडच्या वीर गावचा म्हस्कोबा कमळाजी धनगराच्या भक्तीसाठी तिथं कसा आला, ही कथाही त्यांनी अभ्यासली. १९७६ साली त्यांचा बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावरचा ग्रंथ निघाला. त्यांना ना कर गोळा करायचा होता, ना धर्म बदलायचा. म्हणून गाणारा मोकळेपणी गायला.

आता पाहुण्याची वाट कशाला बघायची? तुमच्या आजीला जात्यावरची ओवी येते ना? मग वही काढा. ती म्हणेल तशीच, तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. आणि हो, खाली तिचं पूर्ण नाव लिहायला विसरू नका!