तीन दिवस, दोन देश आणि एक जाळीची काठी

आमच्या घरात खेळ म्हणजे क्रिकेट. आजोबांपासून सगळे मोतीबाग मैदानाचे भक्त. त्यामुळे दुसरा कुठला खेळ मी तिकीट काढून, तोही लागोपाठ दोन दिवस पाहीन, असं कोणी म्हटलं असतं तर मी हसले असते.

पण २०२४ च्या हिवाळ्यात मी कॅनडात हॅमिल्टनला मावशीकडे गेले आणि चौदा वर्षांच्या मावसभावाने पहिल्याच संध्याकाळी जाहीर केलं, "ताई, या वीकेंडला नायगारा नाही. लॅक्रॉस!" त्याच्या खोलीत लाइल थॉम्पसनचा फोटो लावलेला होता. पाठीवर लांब वेणी, हातात काठी. मी मुकाट्याने हो म्हटलं.

शुक्रवारी रात्री हॅमिल्टनच्या स्टेडियममध्ये टोरांटो रॉकचा सामना. मी विचारलं, "गाव हॅमिल्टन, मग संघ टोरांटोचा कसा?" भाऊ म्हणाला, "२०२१ मध्ये इकडे राहायला आला, पण नाव नाही बदललं." मला हसू आलं. चार पिढ्या बडोद्यात राहून आडनाव सातारकर सांगणारी माणसं आपल्याकडे काय कमी आहेत?

आइस हॉकीच्या बर्फावर हिरवी कृत्रिम हिरवळ अंथरून हा खेळ चालतो. प्रत्येक बाजूला गोलरक्षकासह सहा जण. काठीच्या टोकाला जाळीचा खोलगट खिसा. भरीव रबरी चेंडू त्यातच झेलायचा, त्यातूनच फेकायचा. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग, आणि चेंडू ताब्यात आला की तीस सेकंदांत गोलवर मारायलाच हवा. त्यामुळे बघणाऱ्याला चहा प्यायलाही उसंत नाही. खेळ चालू असतानाच मोठ्याने गाणी वाजतात, हे तर मला सगळ्यात नवल वाटलं. आणखी एक गोष्ट कळली. हे व्यावसायिक खेळाडू असले तरी त्यातले बरेच जण आठवडाभर नोकरी करतात. कोणी शाळेत शिकवतो, कोणी अग्निशमन दलात आहे. म्हणून सामने बहुतेक शनिवार-रविवारच्या आसपासच असतात.

शनिवारी काकांनी गाडी काढली. बफेलोला जायचं म्हणजे अमेरिकेत जायचं. पीस ब्रिजवर गाड्यांची रांग, खाली गोठायला आलेली नायगारा नदी. त्या घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट कॅनडाचे, माझा एकटीचा भारताचा. अमेरिकेच्या व्हिसासाठी मी मुंबईला घातलेले खेटे आठवून पोटात गोळा आला. खिडकीतल्या अधिकाऱ्याने दोन प्रश्न विचारले आणि सोडलं.

पूल ओलांडल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, २०१० मध्ये एक संघ पासपोर्टमुळेच विश्वस्पर्धेला जाऊ शकला नव्हता. आणि तेसुद्धा ज्यांनी हा खेळ काढला त्यांचाच."

ते लोक म्हणजे होडेनोशोनी, 'लांब घरातली माणसं'. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा मूळनिवासी राष्ट्रांचा संघ. कॅनडा आणि अमेरिका यांच्यामधली सीमा त्यांच्या भूमीतून गेली, त्यांना न विचारता. ते स्वतःचे पासपोर्ट काढतात. मँचेस्टरच्या स्पर्धेसाठी निघालेला त्यांचा संघ न्यूयॉर्कमध्येच अडकला, कारण ब्रिटनने ते पासपोर्ट मानले नाहीत. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेऊन जाणं त्यांना मान्य नव्हतं. ते खेळलेच नाहीत.

बफेलोचं स्टेडियम एकोणीस हजारांचं, सगळीकडे नारिंगी रंग. बँडिट्स संघ २०२३ चा विजेता, त्यामुळे लोकांचा उत्साह विचारू नका. प्रशिक्षक जॉन टव्हारेस याच संघाकडून चोवीस हंगाम खेळलेला. गोल झाला की शेजारच्या अनोळखी आजी माझ्या हातावर टाळी देत होत्या. पण माझं अर्धं लक्ष त्या न झालेल्या सामन्यांकडेच होतं.

म्हणून रविवारी मी स्वतःच म्हटलं, "चला, त्यांच्या गावाला जाऊ." सिक्स नेशन्सची वस्ती हॅमिल्टनहून पाऊण तासावर. सपाट बर्फाळ शेतं, विरळ घरं, आणि अंगणाअंगणात लॅक्रॉसचे गोल. एका दुकानात लाकडी काठ्या टांगलेल्या होत्या. हिकरीचं लाकूड वाफवून वाकवायचं, मग कित्येक महिने वाळवायचं. मी हात पुढे केला तेव्हा दुकानातले वयस्कर गृहस्थ हळूच म्हणाले, "ही पुरुषांची काठी. आमच्यात बायका तिला हात लावत नाहीत." हा खेळ त्यांच्याकडे औषधही आहे, आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून खेळतात. मला आजीचं सोवळं आठवलं. तेव्हा जशी चिडायचे तशीच थोडी चिडले, आणि तेव्हासारखाच हात मागे घेतला. त्यांनी माझ्यापुढे प्लास्टिकची काठी धरली. "आमच्या मुली हिने खेळतात. त्यांचाही राष्ट्रीय संघ आहे."

मग विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"भारत. मुंबईच्या उत्तरेला बडोदा."

"मुंबई!" ते म्हणाले. "तिथेच तर ठरलं."

खरंच की! ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची बैठक झाली, तेव्हा क्रिकेट २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये आलं म्हणून आमच्या सोसायटीत पेढे वाटले होते. त्याच निर्णयात लॅक्रॉसही होतं, हे मी वाचलंसुद्धा नव्हतं. जागतिक स्पर्धांत होडेनोशोनी १९९० पासून आपल्या झेंड्याखाली खेळतात; २०२३ मध्ये पुरुषांनी कांस्यपदक मिळवलं. पण ऑलिम्पिकला राष्ट्रीय समिती असलेला देश लागतो. अमेरिकेच्या अध्यक्षांनी डिसेंबर २०२३ मध्ये त्यांची बाजू घेतली, तरी समितीचं म्हणणं एकच : कॅनडाकडून खेळा किंवा अमेरिकेकडून.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," ते म्हणाले, "मुलं सराव करताहेत."

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. २०२२ च्या वर्ल्ड गेम्समधूनही त्यांना असंच वगळलं होतं. तेव्हा आयर्लंडच्या संघाने आपली जागा सोडून ती त्यांना दिली.

परतीच्या गाडीत मी गप्प होते. गुजरातेत राहूनही रणजीत बडोद्याचा संघ बडोदा म्हणूनच उतरतो, याचं मला कधी विशेष वाटलं नव्हतं. मिळालेलंच होतं ना!

प्लास्टिकची ती काठी मी घेऊन आले. आता ती आमच्या गॅलरीत असते. खालची मुलं ती मागून नेतात, आणि नवीन आलेला एखादा विचारतोच, "दीदी, हा कुठल्या देशाचा खेळ?"

मी त्याला आधी खाली बसवते. उत्तर जरा लांब आहे.