कल्याणीच्या वाफ्यांत चाऱ्याची परीक्षा

जानेवारीतल्या सकाळी सियालदहहून कल्याणी सीमांत लोकल पकडली. दमदम मागे पडलं की पश्चिमेला बरानगर लागतं. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी 1931 मध्ये स्थापन केलेली भारतीय सांख्यिकी संस्था तिथलीच. शेतप्रयोगांचं गणित घालून देणारे रोनाल्ड फिशर 1938 मध्ये सांख्यिकी परिषदेसाठी कोलकात्यात आले होते. चाऱ्याच्या वाणांची पारख आजही त्याच गणितावर होते. ती पाहायलाच मी निघालो होतो.

कल्याणी पन्नासेक किलोमीटरवर. इथल्या बिधानचंद्र कृषी विश्वविद्यालयात अखिल भारतीय समन्वित चारा पीक संशोधन प्रकल्पाचं केंद्र आहे. हिवाळ्यातलं पीक ओट. एकच वाण शेतात विखुरलेल्या अनेक वाफ्यांत पेरतात आणि कुठला वाफा कोणाला, हे चिठ्ठ्यांसारखं ठरतं. एखाद्या कोपऱ्यातली जमीन कसदार निघाली, तर तिचं श्रेय वाणाला मिळू नये.

पेरणीनंतर साधारण दोन महिन्यांनी पहिली कापणी. दव वाळेपर्यंत विळा लागत नाही, नाहीतर पानांवरचं पाणीही काट्यावर चढेल. कडेच्या ओळींना ऊन-वारा जास्त मिळतो, म्हणून त्या सोडून मधल्याच कापतात. पेंढ्या बांधावरच तोलल्या जातात. त्यातला नमुना भट्टीत वाळवून शुष्क पदार्थ मोजतात, प्रथिनं तपासतात. पाणचट चाऱ्याने गाईचं पोट भरतं, दूध वाढत नाही.

आणि थंडीतलं दुसरं चारा-गवत, रायग्रास? ब्रिटन-न्यूझीलंडच्या कुरणांचा हा आधार. त्याची पैदास चिकाटीचं काम. हे गवत सहसा स्वतःच्या परागावर बी धरत नाही, त्यामुळे त्याचा वाण म्हणजे अनेक निवडक झाडांचा मेळ. पंजाब-हिमाचलात ते रुजलं. बंगालचा हिवाळा मात्र आखूड. मार्चमध्येच उन्हाचा चटका बसू लागतो आणि थंडीचं गवत मागे पडतं.

बंगालची खरी अडचण पावसाळ्यात साचणारं पाणी. संकरित नेपिअर भरघोस चारा देतं. राहुरीचा 'फुले जयवंत' आपल्याकडे त्यासाठीच लावतात. पण मुळाशी तुंबलेलं पाणी नेपिअरला मानवत नाही. कॉइक्स हे चाऱ्याचं गवत मात्र त्या चिखलातही वाढतं. याच विद्यापीठाने 'बिधान कॉइक्स-1' हा वाण दिला आहे.

पशुपालकांनो, शेजाऱ्याचं हिरवंगार शेत पाहून ठोंब किंवा बियाणं आणू नका. त्या वाणाची शिफारस आपल्या भागासाठी आहे का, हे आधी कृषी विद्यापीठाला विचारा.