दोन व्होल्टांच्या वर

यंत्राला नेमून दिलेल्या वेगापलीकडे पळवण्याच्या हौसेला संगणकवेडे ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात. १९९८च्या ऑगस्टमध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर आला आणि ही हौस सामान्यांच्या आवाक्यात आली. त्याचा गुणक साडेचारवर कायमचा बांधलेला. ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर तो ३०० मेगाहर्ट्झने चाले. मदरबोर्डवर बस शंभरावर नेली, की तोच ४५० गाठी आणि कितीतरी महागड्या पेंटियम टूच्या पंगतीला जाऊन बसे.

सगळेच नग इतके गुणी नसत. काही सुरू होतानाच अडत. मग हात विद्युतदाबाकडे वळे. नेमलेला दाब २ व्होल्ट. तो किंचित वाढवला की ट्रान्झिस्टर अधिक चपळाईने उघडझाप करतात आणि पुढचा ठोका पडण्याआधी संकेत मुक्कामी पोहोचतो. तंबोऱ्याची खुंटी पिळून झाल्यावर मणी सरकवून सूर मिळवावा, तसे हे काम : २.०५, २.१, २.२. ज्या मदरबोर्डवर ही सोय नसे, तेथे लोक प्रोसेसरच्या काठावरचे नेमके संपर्क चिकटपट्टीने किंवा चक्क नखांच्या रंगाने झाकीत!

याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. वीज दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते, शिवाय वेगाच्याही. २.२ व्होल्ट आणि दीडपट वेग म्हणजे जवळजवळ १.८ पट ताप.

मला मात्र वेगापेक्षा स्थैर्याचा प्रश्न अधिक गूढ वाटतो. अडून बसणारे यंत्र प्रामाणिक असते. भय वाटते ते न अडता चुकीचा आकडा देणाऱ्याचे. ते ओळखायला मर्सेन मूळसंख्यांच्या शोधासाठी लिहिलेला ‘प्राइम९५’ हा प्रोग्रॅम कामी येई. तो तासन्‌तास प्रचंड गुणाकार करतो आणि ज्ञात उत्तरांशी ताडून पाहतो. एका मित्राकडे मी अशी रात्र जागून काढली आहे. २.१ व्होल्टवर सारे सुरळीत होते. पत्रे टंकली जात होती, गाणी वाजत होती. पहाटे चौथ्या तासाला पूर्णांकाला चिकटून असायला हवे ते उत्तर ढळले आणि चाचणी थांबली. तोवर त्या यंत्राने आणखी कुठे काय चुकवले असेल, हे सांगायला कोणी साक्षीदार नव्हता.

मी २.२ सुचवले. मित्राने मान हलवली, दुपारी बाजारात जाऊन मोठा पंखा आणला, आणि दाब २.१वरच ठेवून चाचणी पुन्हा पहिल्यापासून लावली.